गुरुजी, वावर देऊ नका, मागे ठेवा

वरूड तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींचं चार पानी पत्र आलं आहे. अक्षर फळ्यावर लिहिल्यासारखं. मजकूर थोडक्यात असा: धाकटा मुलगा २०२० पासून अबुधाबीत एसी दुरुस्तीच्या कामावर. दीड वर्षापूर्वी त्यानं तिथल्याच दिवाणी कुटुंब न्यायालयात फिलिपिन्सच्या एका नर्सशी लग्न केलं. नात झाली, ती आज दीड महिन्याची आहे. जमीन सहा एकर. तीन वडिलोपार्जित, दोन निवृत्तीच्या पैशातून घेतलेले आणि त्यात संत्र्याचा बगीचा. उरलेला एक एकर मुलगा गावात असतानाच, २०१८ साली, त्याच्या नावावर झालेला. थोरला गावातच शेती पाहतो, लेक मोर्शीकडे दिलेली. छातीत दुखून गेल्यापासून गुरुजींना घाई झाली आहे. कोणीतरी सांगितलं की मुलाला शेतीचं बक्षीसपत्र दोनशे रुपयांच्या मुद्रांकात होतं, बगीचा धाकट्याच्या नावानं करून मोकळे व्हा. गुरुजी विचारतात, "करून टाकू काय? आणि सून-नातीच्या कागदांचं काय करायचं?"

गुरुजी, बक्षीसपत्र करू नका. कारण पुढे सांगतो. आधी नातीचं पाहू, कारण तिथं दिवस मोजलेले आहेत.

अमिरातीत जन्मलेल्या बाळाचा राहण्याचा व्हिसा १२० दिवसांत काढावा लागतो, नाहीतर रोजचा दंड सुरू होतो. व्हिसाला पासपोर्ट लागतो. म्हणजे नात कोणत्या देशाच्या पासपोर्टवर वाढणार हे तुमच्या मुलाला येत्या अडीच महिन्यांत ठरवायचं आहे. अमिरात तिथं जन्मल्यामुळं नागरिकत्व देत नाही. फिलिपिन्सच्या राज्यघटनेप्रमाणं आई फिलिपिनो असली की मूल जन्मतःच फिलिपिनो. आपल्याकडे नागरिकत्व अधिनियम १९५५ चं कलम ४ आहे: आई किंवा बाप भारतीय असेल तर बाहेर जन्मलेलं मूल भारतीय ठरतं, पण एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत जन्माची नोंद झाली पाहिजे आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईबापानं लिहून दिलं पाहिजे. वर्ष उलटलं तर दिल्लीची परवानगी लागते. ती वाट लांबची आहे.

लोक इथंच फसतात. सासरी एक पासपोर्ट, माहेरी एक पासपोर्ट असं चालत नाही. आधी फिलिपिनो पासपोर्ट काढला तर वकिलातीत ते लिहून देणं खोटं ठरतं. मग नातीला ओसीआय कार्ड घ्यायचं, म्हणजे भारताशी नातं असलेल्या परदेशी नागरिकाला मिळणारं कार्ड. तेही वाईट नाही. आयुष्यभर व्हिसा लागत नाही, बँकेत खातं उघडता येतं, वारशानं जमीनही येऊ शकते. मतदान नाही, सरकारी नोकरी नाही. ४ मार्च २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनंतर वैद्यकीय-अभियांत्रिकी प्रवेशात ओसीआय मुलं अनिवासी भारतीयांच्या रांगेत उभी राहतात. उलट भारतीय पासपोर्ट घेतला आणि जन्मानं मिळालेलं फिलिपिनो नागरिकत्व तसंच राहिलं, तर मुलगी सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत तिला ते सोडावं लागेल, नाहीतर भारताचं जाईल. वयाची अठरा वर्षं पूर्ण होण्याची ती तारीख आजच कुठंतरी लिहून ठेवायला सांगा.

माझं मत विचाराल तर नोकरी संपल्यावर संसार कुठं मांडायचा यावर हे ठरवावं. आखातातली नोकरी संपली की व्हिसा संपतो, तिथं कायमचं सहसा कोणी राहत नाही. परतायचं गाव वरूड असेल तर भारतीय पासपोर्ट. सूनबाईचा ओढा तिकडं असेल तर ओसीआय. आजोबांच्या अभिमानावर हा निर्णय सोडू नका, गुरुजी. सूनबाईला विचारा.

आता नावाचं. हे वाचायला किरकोळ वाटेल, पण माझ्याकडच्या परदेशी वारसांच्या निम्म्या फायली इथंच अडकल्या आहेत. समजा नात रेवा, बाप नितीन, आडनाव काळे. आपल्याकडे ती रेवा नितीन काळे. सूनबाईचं माहेरचं आडनाव सांतोस धरा. फिलिपिन्सच्या रिवाजाप्रमाणं मधलं नाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव, म्हणून तिकडच्या कागदावर तीच पोर रेवा सांतोस काळे. सूनबाईचं स्वतःचंही तसंच: तिकडे लग्नानंतर माहेरचं आडनाव मधे सरकतं आणि नवऱ्याचं शेवटी येतं, तर आपला पटवारी मधे नवऱ्याचं नाव टाकणार. वीस वर्षांनी वारस नोंदीच्या वेळी एकाच मुलीचे दोन कागद समोर येतात आणि मंडळ अधिकारी म्हणतो, या दोघी वेगळ्या. त्याचंही चूक नाही, त्याला कागदच पाहायचा असतो. म्हणून जन्मदाखल्यापासून सगळीकडे स्वतःचं नाव फक्त रेवा आणि आडनाव काळे एवढंच ठेवा. स्वतःच्या नावाच्या रकान्यात बापाचं नाव घुसवू नका. भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईबापाची नावं वेगळी छापलेली असतातच. आणि घरात सुनेला लक्ष्मी म्हणा की रुक्मिणी, तांदळात अंगठीनं लिहिलेलं ते नाव तांदळातच राहू द्या. रेशनकार्डावर चढवू नका.

तुमच्या पत्रात आणखी एक ओळ आहे: दिवाळीत गावात पुन्हा लग्न लावून ते ग्रामपंचायतीत नोंदवायचं. लग्न लावा, पंगती उठवा, फोटो काढा. नोंदणी मात्र करू नका. अबुधाबीच्या न्यायालयातलं लग्न हेच लग्न. दुसरी नोंद केली की एकाच जोडप्याच्या लग्नाच्या दोन तारखा होतात, आणि नातीचा जन्म दुसऱ्या तारखेच्या आधीचा दिसतो. शिवाय सूनबाई ख्रिश्चन असेल तर हिंदू विवाह कायद्याखाली ती नोंद टिकणारही नाही. सगळ्या कागदांवर अबुधाबीचीच तारीख हवी. तिथल्या प्रमाणपत्रावर तिकडच्या परराष्ट्र खात्याचा आणि मग भारतीय दूतावासाचा शिक्का मारून दोन-तीन प्रती करून ठेवायला सांगा. सूनबाईनंही आपल्या दूतावासात लग्न आणि जन्म दोन्ही कळवायला हवेत.

त्या तारखेला आणखी एक महत्त्व आहे. भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला ओसीआय मिळतं, पण लग्न नोंदलेलं असावं आणि अर्जाच्या आधी सलग दोन वर्षं टिकलेलं असावं. तुमच्या सूनबाईची दोन वर्षं सहा महिन्यांनी भरतील. भरली की लगेच अर्ज करायला लावा. सुरक्षा तपासणी होते, वेळ लागतो. हे कार्ड नुसतं येण्याजाण्याचं नाही. उद्या मुलाचं बरंवाईट झालं तर त्याच्या इथल्या जमिनीत बायको वारस आहे. ती ओसीआय असेल तर वारशाचा रस्ता सरळ. नसेल, तर अनिवासी नवऱ्याकडून परदेशी बायकोकडे जमीन जाताना रिझर्व्ह बँकेच्या परवानगीचा प्रश्न उभा राहतो, आणि वरूडमधून तो सोडवणं म्हणजे मुंबईचे खेटे. मोडलेल्या लग्नात मात्र हे कार्ड रद्द होतं, हेही माहीत असू द्या.

आता वावर.

परकीय चलन कायदा, ज्याला सगळे फेमा म्हणतात, त्याखालचे २०१९ चे नियम आहेत. नियम २४ सांगतो की अनिवासी भारतीय किंवा ओसीआय माणूस भारतात घर, दुकान, प्लॉट घेऊ शकतो. शेतजमीन, फार्महाऊस आणि मळ्याची मालमत्ता विकत घेऊ शकत नाही, आणि बक्षीसही घेऊ शकत नाही. बापाकडूनसुद्धा नाही. वारशानं आली तर मात्र ठेवू शकतो. पुढं विकायची झाली तर भारतात राहणाऱ्यालाच विकता येते, आणि तोही आपल्या विदर्भाच्या १९५८ च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम ८९ मुळं शेतकरी असावा लागतो. म्हणजे कायदा म्हणतो, हयातीत हातानं देऊ नका, मागे ठेवून जा.

दोनशे रुपयांची गोष्ट खोटी नाही. नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं यांना घर किंवा शेती बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये ही सवलत महाराष्ट्रात २०१५ पासून आहे. पण ती मुद्रांक कायद्याची सवलत आहे. मुलगा राहतो कुठं हे मुद्रांक कायदा विचारत नाही. दुय्यम निबंधकही सहसा विचारत नाही. दस्त नोंदला जातो, फेरफार होतो, सातबारावर नाव चढतं. म्हणून गावात सगळ्यांना वाटतं की झालं.

ही चूक मी स्वतः केली आहे. २०१७ साली एका बापाचं असंच बक्षीसपत्र मी करून दिलं, मुलगा मस्कतला. मी त्या वेळी महसुली कामात मुरलेला होतो, फेमा म्हणजे मोठ्या कंपन्यांचं प्रकरण अशी माझी समजूत. सहा वर्षांनी मुलानं ते वावर गावातल्याच शेतकऱ्याला विकलं आणि पैसे बाहेर न्यायला निघाला. बँकेनं सीएचं प्रमाणपत्र मागितलं. सीएनं विचारलं, जमीन तुमच्याकडे आली कशी? मी दस्ताची प्रत पुढं केली. त्यानं काही न बोलता पहिल्या पानावर बोट ठेवलं. घेणाऱ्याच्या पत्त्यात माझ्याच टायपिस्टनं लिहिलेलं होतं: 'ह. मु. मस्कत', म्हणजे हल्ली मुक्काम मस्कत. पुरावा आम्हीच मुद्रांकावर छापून, नोंदवून ठेवलेला. फेमाच्या कलम १३ खाली दंड रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. तिथं तडजोडीच्या अर्जावर प्रकरण मिटलं, पण वर्ष गेलं आणि पैसा बँकेत अडकून राहिला. त्या माणसाकडून मी फी घेतली नाही. घेऊही शकलो नसतो.

मग तुम्ही काय करायचं? बगीच्याचे दोन एकर स्वकष्टाचे आहेत, ते कोणाला द्यायचे याचा पूर्ण अधिकार तुमचा. मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला मिळणार आहे तो किंवा त्याची बायको साक्षीदार नको. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या. छातीचं दुखणं झालेल्या माणसाचं मृत्युपत्र 'तेव्हा शुद्धीत नव्हते' म्हणून हाणून पाडायला भाऊबंद टपलेले असतात. सोबत त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा. बगीचा हयातीत तुमच्याच नावावर राहील, आंबिया बहाराचे पैसे तुमच्याच खात्यात येतील, औषधपाण्यासाठी कोणाकडे हात पसरावा लागणार नाही. हा फायदा लोक विसरतात.

वडिलोपार्जित तीन एकरांचं वेगळं आहे. तिथं मुलांचा हिस्सा जन्मापासूनचा आहे, आणि लेकीचाही तितकाच. २००५ च्या दुरुस्तीनं तो दिला आणि ११ ऑगस्ट २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं वाद संपवला. त्या जमिनीत तुम्ही फक्त स्वतःच्या हिश्शाचं मृत्युपत्र करू शकता. वाटणी हवी असेल तर वाटणीच करा, तिला बक्षीस असं नाव देऊ नका. वाटणीत धाकट्याला त्याचंच असलेलं मिळतं. परदेशी मुलीशी लग्न केलं म्हणून त्याचा हिस्सा जात नाही, थोरला काहीही म्हणो. लेकीनं हक्कसोड द्यायची ठरवली तर ती गावातल्या भावाच्या नावे द्यावी. परदेशातल्या भावाच्या नावे फुकटचं हक्कसोडपत्र म्हणजे दुसऱ्या नावाचं बक्षीसच, मी ते करू देत नाही.

तुमच्या डोळ्यांदेखत धाकट्याला काही द्यायचंच असेल तर गावठाणातलं घर द्या. घर शेतजमीन नाही, त्याचं बक्षीसपत्र बापाकडून अनिवासी मुलाला चालतं.

वारशाची वेळ येईल तेव्हा तीन महिन्यांच्या आत पटवाऱ्याकडे वर्दी द्यावी लागते. अबुधाबीहून तेवढ्यासाठी येणं जमत नाही, म्हणून मुलाचं मुखत्यारपत्र हाताशी असावं. ते तिथल्या भारतीय दूतावासात करून आणायचं, आणि कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत इथला मुद्रांक भरायचा. हा मुद्दा बहुतेक जण चुकवतात, मग कागद पेटीत पडून राहतो. कुलमुखत्यार देऊ नका. कामं मोजून लिहिलेलं खास मुखत्यारपत्र द्या: वारस नोंद, मोजणी, वीज, पीक विमा. विक्रीचा अधिकार त्यात घालायचा की नाही हे दोन्ही भावांनी समोरासमोर बसून ठरवावं. माझ्याकडे आलेल्या भावाभावांच्या निम्म्या दाव्यांची सुरुवात कुलमुखत्यारातल्या एका शब्दानं झाली आहे.

पैशांचं. मुलाचं गावच्या बँकेतलं जुनं बचत खातं अजून तसंच चालू आहे आणि त्याचं एटीएम कार्ड तुमच्याकडे आहे, असं तुम्ही सहज लिहून गेलात. फेमाच्या हिशेबात नोकरीसाठी देश सोडला त्या दिवसापासून तो अनिवासी झाला (आयकरात दिवस मोजतात, ती गोष्ट वेगळी). ते खातं एनआरओ करून घ्यावं लागतं. शेतीचे, भाड्याचे, इथले सगळे पैसे त्यात. तिकडचा पगार एनआरई खात्यात: त्यावरचं व्याज भारतात करमुक्त आणि रक्कम कधीही परत नेता येते. एनआरओच्या व्याजातून मात्र ३० टक्के आणि वर उपकर कापला जातो. अमिरातीशी असलेल्या करारानुसार तो १२.५ टक्क्यांवर येतो, पण त्यासाठी तिथल्या सरकारकडून कर-निवासाचा दाखला आणावा लागतो. तुमचं नाव दोन्ही खात्यांवर 'तो किंवा त्याच्या मागे हयात' अशा रीतीनं जोडता येतं. "मॅनेजरला कळू देऊ नका" असं सांगणारा गावात नेहमी एक जण असतो. मॅनेजरला कधी ना कधी कळतंच.

त्याच खात्यात त्याच्या एक एकराचे पीएम-किसानचे दोन-दोन हजार येत असतील तर ते आजच थांबवा. अनिवासी माणूस त्या योजनेत बसत नाही. तहसीलच्या वसुलीची नोटीस येण्याआधी स्वतः जाऊन परत करणं बरं. तो एक एकर मात्र बिनघोर आहे, कारण गावात राहत असताना मिळालेला.

आणि मुलानं पाठवलेल्या पैशातून तुम्ही स्वतःच्या नावानं ठेव केली असेल तर ती तुमची झाली, तिच्यात तिन्ही मुलांचा वाटा आला. त्याचं त्याला राहावं असं वाटत असेल तर मृत्युपत्रात खाते क्रमांकासह लिहा. नुसतं नॉमिनी लावून मालक ठरत नाही.

मुलानंही आता मृत्युपत्र करावं. अमिरातीत बिगर-मुस्लिमांसाठी १ फेब्रुवारी २०२३ पासून वेगळा कायदा आहे: मृत्युपत्र नसेल तर अर्धं बायकोला, उरलेलं मुलांना सारखं. आईबापांना त्या वाटणीत काही नाही, आणि निवाडा होईपर्यंत खाती गोठतात. इथल्या मालमत्तेवर हिंदू वारसा कायदा लागायचा की भारतीय उत्तराधिकार कायदा, यावर अशा मिश्र लग्नात वकिलांना भांडायला जागा असते. मृत्युपत्र असलं की ती जागा उरत नाही. दोन देशांसाठी दोन मृत्युपत्रं करावीत आणि दोन्हींत 'हे फक्त अमुक देशातल्या मालमत्तेपुरतं' असं लिहावं. तयार मसुद्यात 'याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द' हे वाक्य छापूनच येतं. दुसरं करताना ते तसंच राहिलं तर पहिलं मेलं.

दिवाळीत सूनबाई व्हिसावर येईल तेव्हा एक काम तुमचं, घरमालक म्हणून. परदेशी माणूस घरी मुक्कामाला आला की २४ तासांत ऑनलाइन कळवावं लागतं. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या परदेशी नागरिकांच्या नव्या कायद्यातही ही जबाबदारी घरमालकावरच आहे. पोलीस पाटलाला तोंडी सांगून भागत नाही. अमरावतीला एसपी ऑफिसात परदेशी नागरिकांचा विभाग आहे, अडलं तर तिथं जा. येताना मुलाला लग्नाच्या प्रमाणपत्राची शिक्के मारलेली अस्सल प्रत आणि नातीचा जन्मदाखला हातातल्या बॅगेत आणायला सांगा, सामानात टाकू नका म्हणावं.